पाण्याची कॅसेट

३ फेब्रुवारी १९९९

टेलिफोन खात्यानं मला पगार द्यायला हवा! सकाळी दादा म्हणाले, "सुवर्णा, त्याला सांग, बादली भरली." 'त्याला' म्हणजे त्यांच्या मुलाला. माझ्या नवऱ्याला. महेश तिथंच दाढी करत उभा, ऐकू गेलेलं. तरी मी सांगितलं. मग तिकडून, "त्यांना सांग, कळलं."

दिवाळीनंतर मखमलाबादचा मळा सोडून या सिडकोतल्या फ्लॅटात आलो, तेव्हापासून बापलेकाचा अबोला. मळा विकायला दोघंही राजी होते, सह्या दोघांच्या. भांडण झालं ते निघायच्या दिवशी. सामानाचा टेम्पो दारात आणि सासरे मेथीला पाणी भरतायत! ती मेथी आता कोण काढणार होतं? महेश ओरडला, "चला ना दादा! तिथं नळ आहे. पाणी सगळीकडं सारखंच!" झालं. फावडं टाकलं, टेम्पोत जाऊन बसले, ते गप्प झाले ते झालेच.

सासूबाई असत्या तर ही निरोपांची हमाली त्यांच्याकडं असती. त्या नाहीत. म्हणून मी.

६ फेब्रुवारी

निरोप जसाच्या तसा दिला तर या घरात रोज डोकी फुटतील. म्हणून मी कात्री लावते. "सांग त्याला, या खुराड्यात जीव घुसमटतो माझा" — मी सांगितलं, "दादा म्हणतात, गॅलरीत वारा कमी येतो." महेशनं टेबलफॅन आणला. दादा म्हणाले, "हे कशाला?"

आपण बरंच काही करतो, कुणाला पत्ता नाही!

९ फेब्रुवारी

आज कात्री पुरली नाही. दादांनी पिशवी भरली. सिन्नरला लेकीकडं जाणार, कायमचं. "उद्या जातो, सांग त्याला."

महेशचा चेहरा खर्रकन उतरला. पण तोंड बघा — "सांग, खुशाल जा म्हणावं!" मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी. इकडं बघू की तिकडं? दादांजवळ गेले आणि म्हटलं, "ते म्हणतायत, होळीपर्यंत तरी थांबा." शुद्ध खोटं. दादांनी पिशवी पलंगाखाली सरकवली. मग म्हणाले, "बरं. होळीपर्यंत."

मला खरंच भीती वाटते. एकदा गेले की हे दोघं कायमचे तुटले. महेश रात्री पोळी चिवडत बसतो आणि कबूल काही करत नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी बिल्डिंगची टाकी भरून वाहायला लागली. दादा खुर्ची ओढून गॅलरीत गेले. कान टवकारलेले! "कसलं पाणी गं?" म्हटलं, टाकी. तोंड एवढंसं झालं, परत आत.

तेव्हाच सुचलं. महेशच्या टू-इन-वनला माईक आहे. दादांच्या आवडत्या ठिकाणांवरचं पाणी टेप करून आणायचं. ऐकून जरा मन रमेल, राहतील.

दादांना सांगितलं, ह्यांची कल्पना. ह्यांना सांगितलं, दादांनी मागितलंय. दोघंही खूश. मी तर काय, आता सराईतच!

१४ फेब्रुवारी

सोमेश्वरचं देऊळ, शेजारी धबधबा. दादांचं आवडतं. लग्न ठरलं तेव्हा ते आणि सासूबाई पहिल्यांदा तिथं भेटले म्हणे — सोबत सगळं गाव घेऊन.

पण आज महाशिवरात्र! हे माझ्या लक्षात येऊ नये? स्वतः उपास धरून बसलेली मी! माणसं एवढी आणि धबधबा एवढासा. घरी येऊन लावलं तर — "पिंटूऽऽ, चप्पल सांभाळ!", मग घंटा, मग साबुदाणा वड्यावरून कुणाचंतरी भांडण. पाणी कुठं शोधूनही नाही.

दादांनी सगळं ऐकलं. "पिंटूची चप्पल सापडली का?" एवढंच म्हणाले.

१९ फेब्रुवारी

मखमलाबादचा पाट. पाणी झकास वाहत होतं. पण धुणं धुणाऱ्या बायका! "काय गं बाई, टीव्हीवर येणार का हे?" म्हटलं, नाही, फक्त आवाज हवाय पाण्याचा. तर एकीनं माईकजवळ तोंड आणलं आणि स्वतःचं नाव, सासरचं नाव, माहेरचं नाव, सगळं सांगून टाकलं.

आणि सेल उतरले. सेल काय फुकट येतात?

२५ फेब्रुवारी

होळी तोंडावर आली. पिशवी अजून भरलेलीच, पलंगाखाली. शेवटचा उपाय — आमचाच मळा. आता तिथं प्लॉटचे दगड रोवलेत. पण लगतचे कारभारीभाऊ अजून कोबी करतात, विहीर दोघांची सामाईक. तेच पाणी.

गेले. मोटार चालू, कारभारीभाऊ पाणी भरतायत. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढायची, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. बारं मोडणं म्हणतात त्याला. पण दर वेळी फावड्याचा खरड्-खरड्! म्हटलं, "भाऊ, जरा फावडं ठेवा ना. नुसतं पाणी पाहिजे."

"अवो वहिनी, बारं नाय मोडलं तर वाफा फुटंल की!"

"फुटू द्या. थोडाच वेळ."

"सावळीरामदादाला कळलं तर लय शिव्या घालंल मला," आमच्या दादांचं नाव घेत म्हणाले. पण उभे राहिले बिचारे, ओठ मिटून. पाणी काय सुंदर वाजत होतं! आधी झुळझुळ, मग डुबुक-डुबुक, शेवटी भरभरून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाफा फुटला, दोन कोबी वाहून गेले, ते मी घरी आणले.

२८ फेब्रुवारी, रविवार

हसू की रडू!

महेश आंघोळीला गेलेला. दादा गॅलरीत पाठमोरे. मी मुद्दाम न सांगता आत कॅसेट लावली, मोठ्या आवाजात. झुळझुळ झाली. दादांची मान हलली. म्हटलं, रमले! मग डुबुक-डुबुक सुरू झालं आणि दादा ताडकन उठले —

"महेऽऽश! अरे झोपलास का? वाफा फुटला! बारं मोड, बारं!"

आणि आतून महेश, कमरेला टॉवेल, अंगाला साबण, धावतच, "कुठला दादा? कुठला?"

दोघं टू-इन-वनसमोर. आत पाणी धो-धो वाहतंय. मला तोंड दाबून हसू येत होतं, तेवढ्यात दादा म्हणाले, "बारं न मोडता पाणी कोण सोडतं? हे असलं टेप करायला पाठवलंस हिला?"

"मी? तुम्हीच मागितलं ना!"

"मी कशाला मागू?"

झालं, दोघं माझ्याकडं वळले. मी कॅसेट बंद केली. मग एकेक निरोप बाहेर निघाला. वारा, टेबलफॅन, सगळं. मी भिंतीला टेकून उभी, मान खाली.

शेवटी दादा हळूच म्हणाले, "होळीपर्यंत थांबा म्हणालास, म्हणून थांबलो मी."

आता हा म्हणणार, मी तर खुशाल जा म्हटलं होतं. महेशनं माझ्याकडं पाहिलं. साबण डोळ्यांत गेला होता की काय, लाल झाले होते.

"होळीनंतर पण थांबा," म्हणाला.

२ मार्च

दोघं परवापासून अखंड बोलतायत. कोबी, मोटार, सरकार, काही म्हणून सोडत नाहीत. दादांची पिशवी रिकामी केली मी. माझ्याशी मात्र एक शब्द नाही, ना ह्यांचा, ना त्यांचा! खोटं बोलले म्हणून दोघांनी अबोला धरलाय. दोघांनी मिळून! भांडणानंतर बापलेकानं मिळून केलेलं हे पहिलंच काम.