काढलेल्या वायरीचे आकडे

मंगळ., ११ फेब्रु.
पादरा रोडच्या प्लांटमधला जुना कॉम्प्युटर अखेर घरी आला, सेन्सर-वायरीसकट. टाकीचं तापमान दाखवणारा प्रोग्राम नव्या मशीनवर न्यायचाय. सेन्सरचे आकडे वाचून देणारी C भाषेतली लायब्ररी बाबांची, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. सोर्स, म्हणजे मूळ कोड, नाही. बाबा गिऱ्हाइकाला फक्त तयार फाईल द्यायचे आणि वहीच्या पानावर फंक्शनांची नावं. सोर्स कुणालाच नाही, मलासुद्धा नाही. आज विचारलं तर म्हणाले, "तुला दिला की." कधी दिला, देव जाणे.
कोडचा प्रोग्राम बनवणारा नवा कंपायलर त्या फाईलला ओळख दाखवायला तयार नाही.

बुध., १२
जुना कंपायलर प्रत्येक नावाआधी एक खालची रेघ लावायचा, नवा ती शोधत नाही. एवढ्यावरून दोघांचा अबोला. नावांची यादी हातानं करून जोडणारी फाईल बनवली. चाललं! तापमान आलं उणे नऊ हजार. म्हणजे पादऱ्यात बर्फ.
दुपारी कळलं. जुना सगळे आकडे चिकटवून ठेवतो, नवा मध्ये रिकामी जागा सोडतो, म्हणून भलतंच वाचलं जात होतं. नव्याला चिकटून बसायला लावलं. २६.३ आलं, खोलीचंच तापमान. खूश होऊन सेव उसळ मागवली. बाबांना तिखट लागली, तरी संपवली.

शुक्र., १४
झाडताना सेन्सरची वायर निघाली. माझ्या लक्षात आलं नाही. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी वाचतो. चहा घेऊन आले तर ६१.२. मग ६१.४. मग ६१.१.
खोलीत पंखा चालू, वायर जमिनीवर. कुणाचं तापमान हे?
मीच कुठेतरी जोडताना घोळ घातला असणार. मेमरीतला शिळा कचरा. उद्या बघू.

शनि., १५
सकाळभर माझा कोड तपासला. घोळ नाही. मग जुना कॉम्प्युटर जुन्याच प्रोग्रामसकट लावला आणि वायर काढून हातात धरून बसले.
६१.२. ६१.४. ६१.१.
 कंपायलरचा दोष नाही. लायब्ररीच बोलतेय.
बाबांना विचारलं. आज तब्येत चांगली, लगेच उत्तर. "येणारच. वायर ढिली झाली की प्लांट बंद पडायचा, साहेब डोकं खायचे. मग एका चांगल्या दुपारचे आकडे आत भरून ठेवले. वायर लागेपर्यंत तेवढेच."
"आणि लागलीच नाही तर?"
बाबांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून पडलं, चमच्यानं काढत बसले.

रवि., १६
ट्रंक उघडली. नऊ वर्षांपूर्वीच्या चौकशीचे कागद. त्याच प्लांटमधली टाकी फुटली, ऑपरेटर भरतभाई गेला. त्याच्या रजिस्टरची झेरॉक्स आहे, दर पाच मिनिटांची नोंद, गोल गोल अक्षर. निष्कर्ष: ऑपरेटर झोपला, आकडे मनानं भरले. बाबांचा सहीनिशी जबाब: प्रोग्राममध्ये दोष नाही. तेव्हा घरात मीही म्हणाले होते, लागला असेल डोळा.
जुना कॉम्प्युटर लावला, वायर काढली, झेरॉक्स मांडीवर घेतली. भरतभाईच्या नोंदीत २.१० ला ६१.२. तिथून पुढे एकूण एक आकडा जुळला. स्क्रीनवर यायच्या आधी कागदावर मला दिसत होता. तो झोपला नव्हता. समोर आलं ते लिहीत होता.
नोंद ३.४० ला संपते. स्क्रीन पुढे चालूच राहिला.
बाबांचा फार राग आला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांचे पाय दाबले, तेव्हाही होता.

सोम., १७
लायब्ररीला विचारण्याआधी आता माझा प्रोग्राम वायर तपासतो. वायर गप्प तर स्क्रीन लाल, भोंगा चालू. दहा ओळी लागल्या. पाच वेळा वायर काढून पाहिली. टाकीची काळजी मिटली. ही तपासणी का घातली ते कुणी विचारणार नाही, मीही सांगायला नको. बाबांचं नाव राहील. दांडिया बाजारात अजून लोक त्यांना वाकून नमस्कार करतात.
दुपारी कोमलचा फोन. भरतभाईची मुलगी, आता त्याच खुर्चीवर बसते. उद्या नवा स्क्रीन शिकायला येणार. "शुभाबेन, टेन्शन नको लो. पप्पांना झोप लागली होती, मी नाय झोपणार." हसत म्हणाली. 

मंगळ., १८
कोमल अकरा वाजता येतेय. पोहे भिजवलेत.
जुना कॉम्प्युटर बंद करायला गेले तर बाबा समोर बसलेले. ६१.४. "बघ, किती छान चाललंय," म्हणाले. "हे आकडे घेतले त्या दुपारी भरतनं आम्हाला चहा पाजला होता." वायर त्यांच्या पायाशी पडली होती.
रजिस्टरची झेरॉक्स टेबलावर आहे, कोमल बसेल त्या बाजूला. बाबांनी दोनदा विचारलं, हे आत का ठेवत नाहीस.