गॅसच्या चावीला दसऱ्याची सुटी

वाशिंद,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. कुंडलिकमामा,

समोरच्या माणसाचं भलं कशात आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असेल, तर त्याला न विचारता त्याची वस्तू बंद करावी का? मला याचं उत्तर येत नाही. बी.एस्सी.च्या पेपरात असला प्रश्न कधी आला नाही, नाहीतर मी पाठ केलं असतं. तुम्हाला येत असेल तर कळवा, पण आधी माझा नमस्कार घ्या. तो वाकून केलाय असं समजा आणि अर्धा मामीला द्या. मामीचा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणावं. भातसानगरला यंदा पाऊस बरा झाला असं ऐकते, म्हणजे धरण भरलं असणार आणि तुम्हाला रात्रीची झोप नसणार. इकडे सगळे खुशाल आहेत. (हे वाक्य पत्रात लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येतंय.)

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुम्हाला. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता, त्यामुळे तिकडे सगळी कॉलनी ऐकते. आणि आमच्या फ्लॅटमध्ये कुठल्याही खोलीत बोललं तरी आई ऐकते. तिच्याबद्दल तिच्यासमोर कुजबुजायची सोय या बिल्डिंगच्या नकाशात ठेवलेली नाही.

आईला मी गावाहून इथे कशी आणली ते तुम्हाला माहीतच आहे. शहापूरच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि सांगितलं, हा खोकला चुलीच्या धुराचा आहे, धूर बंद झाला नाही तर पुढे श्वास पुरणार नाही. घरात गॅस होता, नाही असं नाही. पण आपल्याकडे गॅसची टाकी म्हणजे पाहुण्यांची सोय. आईने तिला फुलाफुलांचा झगा शिवला होता आणि स्वतःचा स्वयंपाक चुलीवरच करत होती. त्या गॅसवरचा शेवटचा चहा बहुतेक तुम्हीच प्यालात. तेव्हा मी दादाला आणि वहिनीला म्हटलं, वाशिंदच्या नव्या बिल्डिंगमध्ये पाइपाचा गॅस आलाय, टाकी नाही, धूर नाही, आईला आणू. सुयोगदादा लगेच हो म्हणाला. भाग्यश्रीवहिनी तर खरंच आनंदली, तिला भाकऱ्या येत नाहीत. आईला विचारलं का? मामा, मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. विचारणं आणि समजावणं यात फरक असतो हे मला आता आता कळायला लागलंय.

आल्या दिवसापासून आईचा एकच सवाल. "टाकी कुठं हाय गो?" मी म्हणायची, टाकी नाही, जमिनीखालून येतो. ती म्हणायची, "जमिनीखालना पाणी येतं. गॅस कसा येल?" मग तिने शोध सुरू केला. ओट्याखाली पाहिलं. माळ्यावर पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या पाइपाचा माग काढत खिडकीतून डोकावली, भिंतीवरून नजर खाली नेली आणि जिना उतरून पार्किंगमध्ये पोचली. तिथे भिंतीला सगळ्या बिल्डिंगची मेन चावी आहे. वर येऊन म्हणाली, "गावलं मूळ." मला इतकं कौतुक वाटलं! ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिने निरीक्षणाने वितरणव्यवस्था शोधून काढली, असं मी रात्री डायरीत लिहिलं. (ते पान आता फाडलंय.)

याच सुमारास सोसायटीत माझं भाषण झालं. तुमची भाची गॅस सुरक्षा प्रतिनिधी आहे. या पदासाठी दुसरं कोणी उभं नव्हतं. पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मी बायकांना समजावलं, की चावीची दांडी पाइपाच्या रांगेत असली की गॅस चालू, पाइपाला आडवी केली की बंद. वास आला तर आधी शेगडीची बटणं आणि मीटरजवळची चावी बंद करायची, दारंखिडक्या उघडायच्या, लाइटचं बटण दाबायचं नाही, लावायला नाही आणि विझवायलाही नाही, बेल वाजवायची नाही, बाहेर मोकळ्यावर जायचं आणि तिथूनच फोन करायचा. हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो, टाकीच्या गॅससारखा सुपाने जमिनीवरून हाकलता येत नाही, हेही सांगितलं. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी ठेवला होता. तेवढ्यात चहा आला आणि तो राहिला. आई पहिल्या रांगेत होती. मन लावून ऐकत होती. दांडी आडवी कशी करतात ते तिने मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

आता दसरा. सकाळी आई माझ्याआधी उठून तोरण करून मोकळी झाली होती. झेंडू, आंब्याची पानं आणि मधेमधे भाताची लोंबी, अगदी गावासारखं. थोडी फुलं घेऊन ती खाली गेली, मला वाटलं गेटला लावायला. वहिनीने पुऱ्यांचं तेल तापवलं, पहिल्या दोन पुऱ्या टम्म फुगल्या, तिसरी टाकली आणि गॅस गेला. फुस्स झालं आणि ज्योत बसली. मी शांतपणे (माझ्या मते शांतपणे, वहिनीच्या मते किंचाळून) म्हटलं, बटण बंद करा! आणि दुपट्टा कमरेला बांधून जिना उतरले. प्रत्येक दारातून आवाज येत होते, "आमचा पण गेला," "ऐन सणाला!" "राहीला विचारा." मामा, खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं.

खाली पार्किंगमध्ये मेन चावीला झेंडूचा हार होता. हळद होती, कुंकू होतं, आपट्याची पानं होती, खाली तांदळाची छोटी रास, रासेवर सुपारी. आणि दांडी पाइपाला आडवी. अगदी मी शिकवल्यासारखी. शेजारी आई हात जोडून उभी.

"आई, हे काय केलंस?"

"आज हत्यारं चालवतात का गो? तुझ्या बापाचा नांगर, माझा इळा, कोयता, समद्यांना दसऱ्याला सुटी. हा बिचारा रातदिस राबतोय. त्याला एक दिस नको?"

मला वादच घालता येईना. लहानपणी दसऱ्याला पुस्तकं पाटावर ठेवून पूजा केली की मीही दिवसभर अभ्यास करत नसे आणि त्याला श्रद्धा म्हणत असे. पण वरून चेअरमन भरतभाऊंच्या चपला जिन्यात वाजू लागल्या. आईला हे सगळ्यांसमोर ओरडणार, म्हातारीला अक्कल नाही म्हणणार, या भीतीने माझ्या हातांनी विचार केला. मी हार बाजूला सारला आणि दांडी फिरवून रांगेत आणली. वरून आरोळ्या आल्या, "आला, आला!" भरतभाऊ म्हणाले, "वा राही, शिकलेली पोरगी असावी तर अशी." मी मान खाली घालून हसले. आईकडे पाहिलं नाही.

मामा, धरणाचा दरवाजा उघडायच्या आधी तुम्ही भोंगा वाजवता, खालच्या गावांना निरोप देता. बंद करताना कोणी भोंगा वाजवत नाही. चहामुळे राहिलेला माझा शेवटचा मुद्दा हाच होता, की गॅस मधेच गेला तर कोणाच्या तरी शेगडीचं बटण चालूच राहिलेलं असतं, म्हणून बंद कोणीही करावं, पण पुन्हा चालू करायचं ते कंपनीच्या माणसाने, घरोघर तपासून. हे मला येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

दुसऱ्या मजल्यावर पोचले तर वास. हेतल, नुकतंच लग्न होऊन आलेली, तिने दूध ठेवलं होतं. ज्योत विझली तशी ती तुमचा पण गेला का विचारायला वर गेली, आणि वाऱ्याने दार ओढलं गेलं. किल्ली आत, बटण चालू, मी उदारपणे सोडलेला गॅस आत. मी धावत तिच्या दाराशी गेले आणि बोट बेलवर ठेवलं. ठेवलं म्हणजे दाबणार, इतक्यात माझंच भाषण मला आठवलं. बेलने ठिणगी पडते. मग ते बोट मला काढता येईना. काढतानाच दाबलं गेलं तर? जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं मी कसली तरी शपथ घेतेय. हेतलनेच वरून येऊन माझं मनगट धरून हात मागे घेतला, आणि तिला वास आल्यावर ती जी ओरडली, त्याने सगळी बिल्डिंग माझ्या सूचनेशिवाय बाहेर पडली. मी खाली पळाले, हार पुन्हा बाजूला सारून दांडी पुन्हा आडवी केली, आणि गेटबाहेर जाऊन आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. माझा आवाज इतका कापत होता की पलीकडच्या बाईने आधी मला पाणी प्यायला सांगितलं.

काही झालं नाही, मामा. हेतलच्या स्वयंपाकघराची वरची खिडकी उघडी होती, गॅस वरच्या वर निघून गेला. कंपनीची माणसं यंत्र घेऊन आली, सुताराला बोलावून कुलूप काढलं, घर न् घर तपासलं. पण हेतल रस्त्याच्या कडेला दगडावर बसून थरथरत होती, ते मी विसरणार नाही. दूध चुलीवर असतं तर नुसतं उतू गेलं असतं.

त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने विचारलं, चावी कोणी फिरवली? सगळ्यांनी आईकडे पाहिलं, हातात अजून कुंकवाची डबी होती ना. आई म्हणाली, "बंद मी केला. चालू मी नाय केला." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, वर्गात करतात तसा. साहेब म्हणाला, बंद करणाऱ्याला मी काही म्हणत नाही. पुढे माझ्याबद्दल जे म्हणाला ते लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल. आम्ही दसऱ्याला श्रीखंड पावाबरोबर खाल्लं.

माझं पद गेलं, त्याचं काही नाही. पण संध्याकाळी भरतभाऊ सगळ्यांदेखत दादाला म्हणाले, "आईला गावी ठेव रे. तिकडं काय बंद करायचं ते करू दे." आई तिथेच सोनं वाटत होती. तिने भरतभाऊंनाही सोनं दिलं, वर आली आणि लुगडी पिशवीत भरायला लागली. मी रडले, डॉक्टरांचा कागद दाखवला. ती म्हणाली, "तुमची आग भिंतीत ऱ्हाते, दिसत नाय. माझी माझ्यासमोर बसते. मला माझ्या चुलीपाशी नेऊन सोड." आणि खोकली. बोलताना एकदाही खोकली नव्हती, चूल म्हणताच खोकली. मी हे तिला दाखवून दिलं, तर म्हणाली, "तुझ्या आगाऊपणाचा ठसका हाय तो."

तेव्हा मामा, या सगळ्यातून मी एक शिकले. आपलं शिक्षण म्हणजे दुसऱ्याच्या चावीवर हात ठेवायचा परवाना नव्हे. यापुढे मी कोणाचीही वस्तू, मग ती चावी असो की आयुष्य, त्या माणसाला विचारल्याशिवाय फिरवणार नाही. आईला गावी जायचं असेल तर ती तिची मर्जी. मी आडवी येणार नाही.

मामीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची भाची,
राही

ता.क. आई दिवाळीच्या आत तुम्हाला फोन करून 'मला न्यायला ये' म्हणेल. तुम्ही भाऊ आहात, 'हौशी' अशी माहेरच्या नावाने हाक मारली की ती तुमचं ऐकते. कृपा करून जीप बिघडली म्हणा. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, म्हणून जीप खरंच थोडी बिघडवता आली तर पाहा.

आणखी ता.क. त्यापेक्षा येत्या रविवारी स्वतःच या, पण माझ्या आधी तिच्याशी बोला. मला तोंड नाही. वर लिहिलेला तो शिकलेला धडा वाचू नका, तो लिहिला तेव्हाही खरा नव्हता. परवा मी क्लासला जाते असं सांगून निघाले, मुरबाडवरून एसटीने गावी गेले, शेजारच्या मालूकाकीकडून कुदळ मागून आणली ("आईला इचारलंस का गो?" तिने विचारलं, मी "मामा विचारणार आहेत" म्हटलं), आणि आपली चूल मोडून, तिची माती परसात पसरून, संध्याकाळच्या गाडीने परत आले.