‘एक भाविक’ यांचं पत्र

आये, तू जाऊन अठरा वर्षं झाली. आज काम करताना हात थांबला, म्हणून लिहितोय. हल्ली मी पेणच्या घरी बसून बातम्यांच्या एका वेबसाइटवरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासतो. शिव्या, जातीवरून टोमणे, बायकांबद्दलची घाण, सगळं वाचायचं आणि काढून टाकायचं. आज गणपतीच्या कारखान्यातल्या बायकांच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘यांचा हात लागलेली मूर्ती घरात कशी आणायची?’ मी ते काढलं आणि हा कागद पुढे ओढला.

तू होतीस तेव्हाची गोष्ट. रोह्याच्या त्या साप्ताहिकात मी नुकता लागलो होतो. वाचकांची पत्रं निवडणं माझं काम. निनावी पत्र टोपलीत टाकायचं असा नियम होता, पण ‘एक भाविक’ एवढीच सही असलेलं ते पत्र संपादकांना आवडलं. आपल्या जोहे गावच्या एका गणपती कारखान्यात बाई ब्रशने देवाचे डोळे काढते, तिला विटाळाचं काही भान असतं का, असं आणि याहून वाईट त्यात होतं. जोह्यात डोळे काढणारी बाई तू एकटीच. ती माझी आई आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की आमची मोठी शेती आहे. तू रोजावर जातेस हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. संपादक म्हणाले, ‘काय रे, अडलंय कुठं?’ मी म्हटलं, ‘कुठं नाही.’

अंक जोह्यात पोचतो तेव्हा तू न्हाऊन, चहासुद्धा न घेता, मूर्तींसमोर बसलेली आहेस. एक रांग पुरी होईपर्यंत तू कुणाशी बोलत नाहीस. शेजारीण अंक वाचून दाखवते. ‘गो, ह्ये तुझ्यावरच लिवलंय. पोरगा तुझा तिथंच हाय ना?’ तू रांग पुरी करतेस.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तू विचारलंस, ‘छापायच्या आधी तू वाचलं व्हतंस काय रं?’

‘नाय. माझ्या हातात आलंच नाय.’

‘मग बरं,’ म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

आठवड्याने कारखानदार आला. ‘गिऱ्हाईक बोलतंय गो. यंदा तू घासायला बस.’ तू बसलीस. यंदा म्हणता म्हणता शेवटपर्यंत कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरने घासत राहिलीस. डोळ्यांचा ब्रश मात्र धुऊन, फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलास.

अजूनही आरतीला मी देवाच्या पायांकडे बघतो, वर बघवत नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धजलो. कागद त्या ब्रशखाली ठेवून देईन.

एक राहिलंच. ‘एक भाविक’च्या त्या पत्राला मथळा नव्हता. तो मी दिला. संपादकांनी पाठ थोपटली, तेव्हा मला बरं वाटलं होतं, आये.