शंभरातले शंभर

४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जुन्या फ्रिजचं उगवणीचं कपाट, शंभर खळग्यांची मोजपाटी, वाळूचे सोळा ट्रे, पोत्याच्या तळातून दाणे काढणारी पितळी नळी. हे सगळं माझ्या हातचं. तुला तोंडपाठ आहे, तरी लिहितो. कारण यांतल्या कशानेही आजवर मला शंभरातले शंभर दाणे उगवलेले दाखवले नाहीत. तुझ्या दुकानच्या मक्याने दाखवले. जोम बघायला विटांच्या चुऱ्याखाली पुरले, तिथूनही सगळे वर. दाणे साच्यातून काढल्यासारखे. नमुना कुठल्या पोत्यातला? ते कळवत नाहीस तोवर उगवणीच्या दाखल्यावर माझी सही नाही.

सौ.ला आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, संशय निराळा.
तुझा दादा

९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बी चांगलं निघालं तरी तुला ताप येतो. शाळेत मी पहिला आलो, तेव्हाही तू गुरुजींना माझा पेपर पुन्हा तपासायला लावला होतास. नमुना मीच भरला. पण धाडण्याआधी हिने ताटात घेऊन निवडला. भावजींकडे जायचंय, फुटका दाणा बरा दिसेल का, म्हणाली. यात लबाडी कसली? आपल्या ताईची पेरणी पंधरवड्यावर आलीय, तिलाही हेच बी जायचंय. सही करून टाक.

राग सोडावा, लोभ ठेवावा.
तुझा धाकटा

२१ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सौ.ने भोळेपणाने निवडलं. पण ताटातून बाजूला किती निघाले, हे तू लिहिलं नाहीस. म्हणून तू बाहेरगावी असताना येऊन गोदामात नळी घातली. पुढच्या पोत्यांतले शंभरात ब्याण्णव उगवले. मागच्या भिंतीलगतचे एकेचाळीस, आणि चुऱ्याखालून अकराच. भिंत ओली आहे, हे तुला ठाऊक होतं. तिच्यापुढे नवीकोरी ताडपत्री उगाच कोणी टांगत नाही. मागची पोती विक्रीतून काढ, मग पुढच्यांवर सही करीन. ताईला मी कळवलं आहे.

येत जा. चहा मिळेल, दाखला नाही.
तुझा दादा

ता. क. पहिल्याच निकालावर सही करावी म्हणून तू धाडलेलं उगवणीचं नवं, कारखान्यात बनलेलं कपाट त्याच टेम्पोतून परत केलं. आतलं पैशांचं पाकीटही त्यातच परत ठेवलं आहे. वर साठ हजार लिहिलंस. मोजले, एकोणसाठ हजार पाचशे निघाले.