तुकड्यांचा वेग

चेरीताल, मंगळवार संध्याकाळ

चिडचिड होतेय, लिहूनच टाकते. मिनूचा फोन होता. आमची लेक फुटणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करते. सांगत होती, स्फोटात उडालेलं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर धावतं. ताऱ्याच्या प्रकाशावरून तो वेग काढला, की स्फोट किती जोराचा होता ते कळतं. हे एकदम ताठ बसले. "अच्छा! आम्ही पण तोफगोळ्याच्या तुकड्यांचा वेग मोजायचो, बेटा." मग तासभर ह्यांची फॅक्टरी. चहा निवला.

आणि मला? हे निवृत्त झाले तरी कधी अवाक्षर नाही! सिस्टरांच्या शाळेत मलाही फिजिक्स किती आवडायचं... फोन ठेवल्याबरोबर भडकले. "मला काहून नाही सांगितलं कधी?"

"तू रोज विचारायचीस, डबा खाल्ला का," हे म्हणाले. "वेग कधी विचारलास?"

असा राग आला! पण खरंच, विचारला होता का मी?

जेवायला वाढलं आणि घुश्शातच म्हटलं, "बरं, किती वेगाने उडायचे तुकडे?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सांगायला लागले. पोळीही निवली.