आखाजीच्या झोक्यावर गुन्हा न नोंदवल्याबद्दल

प्रति,
मा. मंजुरी अधिकारी,
गिरणा रुग्ण साहाय्य योजना, जळगाव

विषय : मेंदूभोवती साचणाऱ्या रक्तावरील उपचार पोलीस तक्रारीअभावी अडवल्याबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. २१ जुलै २०२५.

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून भडगाव येथे संध्याकाळी अंगणात गल्लीतील मुलांना शिकवतो. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाच्या झोक्यावर एका मुलीला बसवून लंबक समजावताना मी बोलण्याच्या भरात पुढे सरकलो आणि झोक्याची फळी डोक्याला लागली. टेंगूळ आले, मुले हसली, मीही हसलो.

जूनमध्ये चालताना तोल जाऊ लागला. मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचले होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी कवटीला छिद्रे पाडून ते काढले. ते पुन्हा साचले. आता डॉक्टर म्हणतात की, मनगटातून बारीक नळी वर नेऊन त्या आवरणाला रक्त पुरवणारी वाहिनी आतूनच बंद करावी, म्हणजे रक्त परत साचण्याची शक्यता कमी होईल.

आपण हे नामंजूर केले. कारण : ‘अपघाती इजा, पोलीस तक्रार जोडलेली नाही.’ मी ठाण्यात गेलो. आरोपी म्हणून झोका लिहू की आखाजी, असे हवालदारांनी विचारले आणि चहा पाजून परत पाठवले. हे आपल्या कक्षात सांगितले, तेव्हा तेथील श्री. भूषण यांनी हळूच उपाय सुचवला, “आबा, झोक्यावर जी पोर बसेल होती तिचं नाव टाकी द्या. कागदापुरतंच शे.”

महोदय, ती पोर तिसरीत आहे. फळी लागल्यावर घाबरून तिने अंगणात येणेच सोडले होते. तुझी चूक नाही, असे समजावून मी तिला घरून घेऊन आलो. आता तिच्याच नावाचा कागद ठाण्यात देऊ? वर तिलाच पाढे शिकवू? आपल्या नियमांत लहान मुलीला आरोपी करणे बसते आणि म्हाताऱ्याचा उपचार बसत नाही, तर ते नियम कोणी केले हे मला लेखी कळवावे.

सध्या सतराचा पाढा म्हणताना मी मध्येच अडतो आणि मुले पुढचा आकडा सांगतात. त्यांना तो खेळ वाटतो. उजव्या हातातून खडू गळतो.

झोक्यापुढे मी उभा होतो. दोषी हवाच असेल, तर माझे नाव लिहा आणि मला बोलता येत आहे तोवर जबाब घ्या. मात्र उपचारास याच आठवड्यात मंजुरी द्या.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,
झिपरू भटू महाजन
भडगाव, दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. मेंदूच्या तपासणीचा अहवाल
२. धुळ्याच्या डॉक्टरांचे पत्र
३. पोलीस तक्रार : जोडलेली नाही. जोडणार नाही.