केळीच्या धाग्याचं हँडल

६ एप्रिल
मयुरीला वीस तारखेला धुळ्याहून आणायचं. नक्की. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, सावद्यालाच, आणि ती येणार बापाच्याच गाडीतून. डॉक्टर म्हणतात, दहा मेनंतर प्रवास नको. भरपूर वेळ आहे.
आधी एकच किरकोळ काम. दिवाळीत व्याही गिरधरभाऊंनी गाडीतल्या एसीची हवा आपल्याकडे वळवायला बोट लावलं आणि जाळीच त्यांच्या हातात आली. म्हणाले, "व्याही, ही गाडी आता देव्हाऱ्यात ठेवा." सगळे हसले. मयुरीसुद्धा. मी ते केव्हाच विसरलोय.
विहिरीची जळालेली मोटर मी घरीच तार गुंडाळून भरतो. जाळी म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

७ एप्रिल
जाळीसाठी पुढचं पॅनल काढावं लागतं. पॅनलच्या सहा क्लिपांपैकी पाच तुटल्या. अठ्ठ्याण्णवचं मॉडेल, वर आमच्याकडचं ऊन. प्लॅस्टिकचं खारी बिस्कीट झालंय. हात माझा हलकाच होता.

११ एप्रिल
अख्खा डॅशबोर्ड खाली घेतला. काम मुळापासून केलेलं बरं. ओसरीत चादर पसरून तुकडे क्रमाने मांडले. बायको सुनंदाला बाळंतिणीच्या खोलीसाठी तीच चादर हवी होती. चार दिवस थांब म्हटलं.

१५ एप्रिल
इन्स्टंट गोंद आणि खायचा सोडा. दगडासारखं घट्ट होतं. पुढचा कप्पा जोडला. इतका पक्का बसला की उघडत नाही. गाडीचे कागद आत आहेत. सुरक्षित आहेत.

१९ एप्रिल
मयुरीचा फोन. उद्या जमणार नाही, आठवड्याने येतो म्हटलं. ती "बरं पप्पा" म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीये.
मेहुणा मगन आपली नवी गाडी द्यायला तयार आहे. एसी आहे म्हणे. एसी सगळ्यांकडे असतो. माझी लेक दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी येणार नाही.

२४ एप्रिल, दुपार
शोध लागला! गोंद तडकतो, कारण त्याच्यात धागा नसतो. मोठे कारखाने काचेचा धागा घालतात. आपल्याकडे केळीचे खांब बांधावर सडताहेत. खांब सोलून धागा काढला, एपॉक्सीत भिजवला, दाराच्या आतल्या हँडलवर गुंडाळला. बैल बांधला तरी तुटणार नाही. पेटंटचं बघायला हवं.

२ मे
चारही दारांची हँडलं, काचा खाली करायची हँडलं, लॉकचे खटके, सगळ्याला केळीचा धागा. हात चिकाने काळे झालेत. साबण, रॉकेल, लिंबू, कशानेच जात नाही.
गाडीत मुंग्या लागल्या. धागा नैसर्गिक असल्याचाच तो पुरावा.
सुनंदा म्हणाली, धागा अजून ओला आहे. बायकांना एपॉक्सीतलं काय कळतं.

९ मे
मगन सकाळी गाडी घेऊन दारात उभा. धुळ्याला जाऊन येतो म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला. सुनंदाने चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.
संध्याकाळी मयुरीचा फोन. "पप्पा, मी मामाच्या गाडीत येऊ का? मला घरी यायचंय. गाडी कुठलीही चालेल." गाडी कुठलीही चालत नाही. तिला समजावलं. उद्या सातला निघतो म्हणून सांगितलं.

१० मे
सातला निघालो. भुसावळच्या अलीकडे गतिरोधकावर डॅशबोर्ड मांडीवर आला. एका हाताने तो धरून परत आलो. गतिरोधक बेकायदा उंचीचा आहे. तक्रार करणार.
मगनला फोन केला. केवळ विचारपूस म्हणून. तो गाडी घेऊन सुरतला गेलाय.

११ मे
धुळ्याच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. दोन दिवसांची सवलत मागितली. ते म्हणाले, ही वीजबिलाची मुदत नाही. बोलण्याची रीत नाही माणसाला.
सुनंदाने डिंकाचे लाडू, जुनी लुगडी, बाळंतकाढा पिशवीत भरलं. म्हणाली, "तुम्ही गाडी नीट करा. मी लेकीकडे चालले." एसटीने गेली. चादर ओसरीतच आहे. तुकडेही.

२४ मे
मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. फोन गिरधरभाऊंनी केला. मी गाडी झालीच आहे असं सांगितलं.
लगेच निघालो असतो. उजव्या हँडलचा दुसरा थर सुकतोय.

२७ मे, धुळे
वाटेत काही पडलं नाही. पारोळ्यापर्यंत तर मी गाणं म्हणत होतो. व्याह्यांच्या दारात गाडी लावली. कडक ऊन. दार उघडायला हँडल ओढलं, ते हातात आलं. केळीचा धागा लोंबत होता, आत ओलाच. डावीकडचं ओढलं, तेही आलं. मागची दोन्ही आली. काचेचं हँडल फिरवलं, नुसतंच फिरलं. लॉकचे चारही खटके खाली होते, ओढले तशी टोकं तुटली. चावी आत. मी आत.
गिरधरभाऊ बाहेरून दार ओढत राहिले. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
मयुरी बाळ घेऊन उंबऱ्याबाहेर आली. अंगावर ओढणी, चेहरा उतरलेला. सुनंदा ओरडत होती, उन्हात येऊ नको. ती आली. बाळ काचेजवळ धरलं. नात मी पहिल्यांदा काचेतून पाहिली. काच पुसायला गेलो, घाम आतून होता.
मयुरी काचेपलीकडून म्हणाली, "पप्पा, मी रोज पिशवी भरून बसायचे."
स्पष्ट ऐकू आलं. काच चांगली आहे.
मग डिकीचा लिव्हर ओढला. लगेच उघडली. मागची सीट पाडून रांगत बाहेर आलो. गिरधरभाऊंच्या आई यशोदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं माय, याही ते डिकीमाईन उनात." व्याही डिकीतून आले म्हणून सगळे हसले. मयुरी नाही हसली.
सुनंदाने हात धुवायला सांगितलं. तीनदा धुतले. चिकाचे डाग तसेच. तरी मयुरीने बाळ दिलं. हलकी आहे, फार हलकी. कुठे धरावं कळेना. मयुरीने माझे हात नीट लावून दिले.
डिकीचा लिव्हर तेवढा दुरुस्त करायचा राहून गेला होता. त्याला हात लावायचा नाही.